बी परत येत नाही, आणि आलं तर कडू निघतं: घरच्या बियांची देवाणघेवाण चालवणाऱ्यांनी कृपया बोला

वेलवेडी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं आधीच सांगते, नाहीतर मग "हे आधी का नाही सांगितलं" असं होतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही आठ हौशी लोकांनी घरच्या बियांची देवाणघेवाण सुरू केली. कुणाची गच्ची, कुणाची बाल्कनी, एकाच्या घरामागे चार वाफे. नियम एकच: दोन पाकिटं न्या, हंगाम संपला की त्याच वाणाची दोन परत आणा. पैसे नाहीत, वर्गणी नाही. आज आम्ही ६४ जण आहोत आणि १३२ वाण आहेत. निदान वहीत तरी आहेत.

दुखणी दोन. एक म्हणजे दहातले सात जण काही परत करत नाहीत. ग्रुपवर आठवण टाकली की दोन दिवस सामसूम, आणि मग कुणीतरी गुलाबाचा फोटो टाकतं. प्रत्येकाला वेगळं विचारायची मला लाज वाटते.

दुसरं जास्त जिव्हारी लागलंय. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी दुधीचं बी परत दिलं. टपोरं, स्वच्छ, भरपूर. मला इतका आनंद झाला की मी ते लगेच नऊ जणांना वाटून टाकलं. त्यातल्या तिघांचे दुधी कडूजहर निघाले. एकीने चव न बघता शिजवला. पहिलाच घास थुंकला म्हणून निभावलं. बी देणारे गृहस्थ शपथेवर सांगतात की त्यांचा दुधी गोड होता, घरात सगळ्यांनी खाल्ला. ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. मग गोड दुधीच्या पोटी कडू बी आलं कसं?

आता निम्मे म्हणतात, घरचं बी नकोच. उरलेले म्हणतात, नियम कडक कर, परत न करणाऱ्याला काढून टाक. मी काय दंडाची वही घेऊन बसू? मला नोकरी आहे, घर आहे, आणि फ्रिजचा खालचा कप्पा बियांच्या पाकिटांनी भरलाय त्यावरून घरात रोज बोलणी बसतात ती वेगळीच.

गच्चीकर

कडक नियम आम्ही करून पाहिलाय. "त्याच वाणाचं बी" ही अट लोकांना जड जाते म्हणून "कुठलंही बी चालेल, पण आणाच" असं केलं. एका वर्षात ५१ पाकिटं आली. त्यातली ३४ झेंडूची. झेंडूचं बी काढायला काही लागत नाही हो, वाळलेलं फूल चुरगाळलं की झालं. वर्षभर आमच्याकडे जो येईल त्याला झेंडू. शेवटी लोक यायचेच बंद झाले.

दुधीचं मला कळत नाही. बीमावशी येतील, त्या सांगतील.

बीमावशी

आले. चहा ठेवून बसलेय, लांब लिहिणार आहे.

वेलवेडी, आधी त्या गृहस्थांचा संशय मनातून काढा. ते अगदी खरं बोलतायत. फळाचा गर असतो आईचा. वेल गोड असेल तर त्याला लागलेलं प्रत्येक फळ गोड, मग पराग कुठूनही आलेला असो. पण त्या फळातलं बी निम्मं बापाचं. बाप कोण, हे त्या हंगामात कळत नाही. ते बी पेरून, वेल वाढून, त्याला फळ धरलं की कळतं. म्हणजे गोड खाल्लं बी काढणाऱ्याने आणि कडू आलं पेरणाऱ्याच्या वाट्याला. शिवाय एका दुधीत ढीगभर बिया, आणि त्या सगळ्यांचा बाप एकच असेल असंही नाही. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री पतंग येतात, एक इकडून येतो, एक तिकडून. म्हणून नवातल्या तिघांनाच प्रसाद मिळाला.

आता मला एक सांगा, त्यांच्या आसपास कुणी शोभेचे तुंबे लावले होते का? वाळवून दिवे करतात, पक्ष्यांची घरटी करतात, ते? दिसायला वेगळे असले तरी शास्त्राच्या हिशेबी दुधी आणि तुंबा एकच, लॅजिनेरिया सिसेरारिया. त्यांची सोयरीक सहज जमते. तुंब्याची चव बघून बी कुणी राखत नाही, त्यामुळे त्यात कडवटपणा टिकून असतो. झुकिनी आणि ते रंगीबेरंगी छोटे शोभेचे भोपळे यांचंही तेच, तेही आपसांत एकाच जातीचे.

हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा. शिजवून जात नाही. उलट्या, जुलाब, आणि जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. २०१५ साली जर्मनीत घरी पिकवलेली कडू झुकिनी खाऊन एक वृद्ध गृहस्थ गेले. तेव्हा दुधी, काकडी, भोपळा घरच्या बियांचा असेल तर कच्ची चकती जिभेच्या टोकाला लावून बघायची. कडू लागली तर थुंकायची, चूळ भरायची आणि वेल मुळासकट उपटायचा. "एवढा वाढवलाय तर" म्हणून मसाला घालून झाकायचा नाही. पाकिटावर दुसरं काही नाही लिहिलंत तरी चालेल, हे लिहा.

आता तुमचा नियम. राग मानू नका, पण मला तुमचा तो नियमच गुन्हेगार वाटतो. "नेलंत तर परत करा" म्हटलं की माणूस परत करायचं म्हणून बी काढतो. ज्याला येतं तो काढतो, ज्याला येत नाही तोही काढतो, आणि भिडस्त माणूस सगळ्यात जास्त काढतो. तुमचे दहातले सात जण परत करत नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटतंय. मी म्हणते, वाचलात! त्यांनीही आणलं असतं तर वहीतल्या १३२ नावांपैकी निम्म्या नावांखाली भलतंच काही असतं.

हे मी स्वतःच्या अंगावर घेऊन बोलते. अकरा वर्षं असं मंडळ चालवलं मी. माझ्याकडे एक लांबट, पोपटी, बिनतिखट मिरची होती, फार कौतुकाची. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं असं वाचलेलं, त्यामुळे मी निर्धास्त. पण मधमाश्यांनी काही वाचलेलं नसतं. शेजारच्याच कुंडीत बारीक, जहाल मिरची होती. मी तीन वर्षं त्या पोपटीचं बी काढलं आणि पाकिटावर माझ्या सुवाच्य अक्षरात "लहान मुलांनाही चालेल" असं लिहून वाटलं. चौथ्या वर्षी एक बाई घरी आल्या. बोलल्या काहीच नाहीत. पाकीट टेबलावर ठेवलं, त्यातल्या त्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारलेली. मी चहा विचारला, नको म्हणाल्या. ते पाकीट अजून माझ्या वहीत चिकटवलेलं आहे.

त्यानंतर परतफेड बंद केली. त्याऐवजी पालक नेमले. एका वाणाला एक पालक, तोही स्वतःहून पुढे आलेला, आणि तीन वर्षं तरी सांभाळीन म्हणणारा. बी काढायचं ते त्याने, बाकीच्यांनी फक्त न्यायचं आणि पेरायचं. त्यांच्याकडून बी नको, एक ओळ हवी: किती पेरलं, किती उगवलं, वर्णनासारखं निघालं का. ही ओळ लोक आनंदाने देतात, तुम्हाला सांगते. बी मागितलं की तोंड लपवतात, पण "कसं आलं?" विचारलं की पानभर लिहितात. आणि वाण बिघडत चाललाय हे पालकाच्या आधी त्या ओळींतून कळतं.

पालक नेमताना झेपेल तेच द्या. टोमॅटो, वाटाणा, घेवडा, लेट्यूस हे घरंदाज, आपल्याआपणच फळतात; नवख्यालाही द्यावेत. दोन जातींच्या टोमॅटोत चार पावलांचं अंतर ठेवलं तरी घरगुती कामाला बहुतेक वेळा पुरतं. मिरची, वांगं, भेंडी मात्र बाहेरख्याली. त्यांच्या एका फांदीवर कळ्या उमलायच्या आधी जाळीची पिशवी चढवायची, आधीच उमललेली फुलं खुडून टाकायची, रोज सकाळी फांदीला टिचकी मारायची, फळ धरलं की देठाला दोरा बांधायचा आणि पिशवी काढायची. बी फक्त दोरावाल्या फळाचं. मका आणि कांदा यांच्या वाटेला जाऊच नका. मक्याचं बी नीट राखायचं तर शंभराच्या वर झाडं लागतात, नाहीतर दोन-चार पिढ्यांत ताटं खुरटायला लागतात. चार कुंड्यांत ते होणे नाही. हायब्रीडच्या पाकिटातून आलेल्या झाडाचं बीही नको. पुढची पिढी फुटून दहा तऱ्हेची निघते.

दुधी मात्र जरूर ठेवा, फक्त लग्न आपल्या हाताने लावा. दुपारी वेलाजवळ जायचं. आज रात्री उमलणारी कळी फुगलेली असते, टोकाला पांढरं डोकावत असतं. मादी कळीच्या खाली बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी असतो, नराखाली नुसता देठ. दोन्हींना केस अडकवायचे छोटे चिमटे लावायचे, म्हणजे उमलल्या तरी किड्याला आत शिरता येत नाही. संध्याकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सोलायच्या, मधली पिवळी दांडी मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायची. पराग लागलेला डोळ्यांना दिसतो. दोन वेगळ्या वेलांवरचे नर मिळाले तर आणखी चांगलं. मग मादी फूल पुन्हा चिमट्यात, देठाला लाल लोकर. ते फळ खायचं नाही, साल लाकडासारखी होऊन आत बिया खुळखुळेपर्यंत वेलावरच ठेवायचं. त्या वेलाची बाकीची फळं मग कमी धरतात. हे पालकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याच्या घरातले विचारतील.

तुमच्या फ्रिजबद्दल. सगळं बी एका घरी कशाला हवं? अमेरिकेतली सीड सेव्हर्स एक्स्चेंज ही संस्था १९७५ साली केंट आणि डायन व्हीली या जोडप्याने सुरू केली. डायनच्या आजोबांकडून आलेलं एका गुलाबी टोमॅटोचं आणि एका जांभळ्या फुलाच्या वेलाचं बी, हे तिचं मूळ. पण तिथे वर्षानुवर्षं चालली ती मुख्यतः यादी. कोणाकडे काय आहे ते छापायचं. ज्याला हवं त्याने त्यालाच कळवायचं. बी ज्याच्या त्याच्या घरी. तुम्ही पालकांची यादी ठेवा, आणि प्रत्येक वाणाची एक जादा बरणी दुसऱ्याच कुणाकडे. फ्रिजमध्ये पुन्हा माणसांचं जेवण ठेवा.

मातीमोल

मावशींशी नेहमीप्रमाणे ऐंशी टक्के सहमत. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी भांडतो.

बी काढणारे वीस आणि नुसते नेणारे चव्वेचाळीस, याला मी सहकार म्हणणार नाही. ते फुकटचं दुकान झालं. माणूस बी काढायला शिकतो ते काढून आणि चुकूनच. मावशी स्वतः मिरचीत चुकल्या म्हणून शिकल्या ना? मग बाकीच्यांच्या चुकायच्या वाटा का बंद करायच्या? माझं म्हणणं, नवख्यांचं बीही घ्या, पण वेगळ्या डब्यात, "बाप माहीत नाही" अशी चिठ्ठी लावून. ज्याला गंमत म्हणून पेरायचंय तो नेईल. फक्त काकडी-दुधी-भोपळ्याच्या कुळातलं त्या डब्यात नको.

आता फ्रिज. वेलवेडीताई, कागदी पाकिटं तशीच ठेवली असतील तर तुम्ही बियांना सावकाश पाणी पाजताय. फ्रिज गार असतो, पण दमट असतो. बियांचे वैरी दोन, ऊब आणि ओल, आणि त्यात ओल जास्त वाईट. जुना ठोकताळा असा आहे: बियांतली ओल एक टक्क्याने उतरवली की आयुष्य साधारण दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा साधारण दुप्पट. तेव्हा आधी सुकवणं. उन्हात भाजायचं नाही, सावलीत, वाऱ्यावर, आणि मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. भोपळ्याचं बी वाकवून बघा: कट्‌कन मोडलं तर सुकलं, नुसतं वाकलं तर नाही. घेवडा हातोडीने ठोका. फुटून तुकडे झाले पाहिजेत, चपटा होता कामा नये.

घेवड्या-वाटाण्यात भुंगे होतात त्यावर उपाय म्हणजे पूर्ण सुकवलेलं बी बरणीसकट चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये. बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही. मी उघडली होती. गार बियांवर बाहेरच्या हवेतलं पाणी धरलं, आणि भुंग्यांऐवजी बुरशी पाळली. बरणी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, अर्धा दिवस तरी.

आणि तुमच्या १३२ पाकिटांवर वर्षं आहेत का? कांद्याचं बी दुसऱ्या वर्षीच माना टाकायला लागतं. टोमॅटो नीट ठेवला तर चार-पाच वर्षं सहज जातो. संशय असेल तर १० बिया ओल्या कागदात गुंडाळून, डबीत झाकून उबेला ठेवा. सात उगवल्या तर वाटा, दोन उगवल्या तर वाटू नका, पालकाकडे पाठवा. त्याने सगळंच्या सगळं पेरून नवं बी करावं. मिरची-वांग्याला दोन आठवडे द्या, आठवड्यात मेली म्हणून फेकू नका.

नवशिका

मध्येच विचारतो, माफ करा. असं बी वाटणं कायद्याने चालतं का? आणि दुसऱ्या देशातल्या मित्राने पोस्टाने बी पाठवलं तर?

बीमावशी

@नवशिका, हौशी लोकांनी हातोहात बी देणं एक आणि विकणं दुसरं. पण ती रेघ प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जागी असते. २०१४ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात एका सार्वजनिक वाचनालयाने बी वाटायला सुरुवात केली, तर कृषी खात्याने त्यांना बियाणे कायदा दाखवला: उगवण चाचणी, लेबल, सगळं. बराच गाजावाजा झाला. तेव्हा आपल्याकडचा नियम आधी वाचा. संरक्षित वाणांचं, म्हणजे ज्यांच्यावर कुणाचा कायदेशीर हक्क नोंदलेला आहे अशांचं, बी मंडळात घेऊ नका. आणि पोस्टाने परदेशी बी नको म्हणजे नकोच. त्याला रोगमुक्तीचा दाखला लागतो, तो उगाच नाही. टोमॅटोचे काही विषाणू बियांबरोबरच प्रवास करतात. पानांवर पिवळ्या-हिरव्या ठिगळांची नक्षी असलेल्या झाडाचं बी घरच्या घरीही राखू नये.

@मातीमोल, "बाप माहीत नाही" डबा मान्य. नावही झकास आहे. पण फुकटचं दुकान म्हणता ते नाही पटलं. ती एक ओळ लिहिणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे. आमच्याकडे अकरा वर्षांत जे पालक झाले ते सगळे आधी दोन-तीन वर्षं नुसत्या ओळी लिहिणारे होते. पाचवी-सहावी ओळ लिहिताना माणसाला आपोआप वाटतं, हे मीच राखावं.

गच्चीकर

मातीमोल, बुरशी पाळली हे वाचून बरं वाटलं. मला वाटलं मी एकटाच.

वेलवेडी

बऱ्याच दिवसांनी येतेय, वही घेऊन बसले होते.

मावशी, तुंबे सापडले. त्या गृहस्थांच्या मागच्या गल्लीत आमच्याच एक सदस्य राहतात, त्यांच्या कुंपणावर मागच्या वर्षी तुंब्यांचा वेल होता. दिवे करायचे होते त्यांना. बी कुठून आणलं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, तूच दिलंस की." वही उघडली. पाकीट क्रमांक ८८, शोभेचा तुंबा, वाटल्याची तारीख, आणि खाली माझीच सही. दुधीवाल्या गृहस्थांना फोन करून सांगितलं. ते हसले, पण जरा उशिराने.

१३२ पैकी ४१ पाकिटांवर वर्षच नव्हतं. त्यातली १० बियांच्या परीक्षेत अर्धी नापास. कांदा एकूणएक गेला. मातीमोलदादा, कागदी पाकिटं खरंच ओलसर लागत होती हाताला, इतके दिवस मला तो गारवा वाटायचा. सभा घेतली, परतफेडीचा नियम काढला असं सांगितल्यावर आधी शांतता, मग सतरा जणांनी स्वतःहून एकेक वाण घेतला. त्यातले अकरा जण कधीच काही परत न करणारे होते! "बाप माहीत नाही" डब्याला तर रांग लागली. फ्रिजचा कप्पा रिकामा झालाय, घरात कुणाला अजून विश्वास बसत नाहीये.

दुधीची पालक मी झालेय. तीन वर्षांपूर्वीचं, तुंब्यांच्या आधीचं एक पाकीट निघालं, त्याचे दोन वेल आधीच चढलेत, कोवळ्या फळाची चव घेतली, गोड आहे. आज दुपारी पहिल्यांदा मादी कळीला चिमटा लावला. पण दोन्ही वेलांवर आज उमलेलसं नर फूल एकही दिसत नाही, कालची गळून पडलीत. उद्यापर्यंत ती कळी चिमट्यात थांबेल का?

बीमावशी

नाही थांबणार. तिची एकच रात्र असते. चिमटा काढा आणि उमलू द्या, फळ धरलं तर खायला होईल, चकती जिभेला लावून. तिला लोकर बांधू नका, घाईत दुसऱ्या कुणाच्या वेलाचा नरही आणू नका. नर फुलं ढिगाने येतात, एखाद्याच दिवशी अशी दडी मारतात. उद्या दुपारी पुन्हा बघा.